धवलारणीचा गळा

माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस आधी ट्रेकडे बघतो आणि मग दाराकडे. ट्रेमध्ये पांढऱ्या कापडावर स्टीलची पाच-सहा अवजारं मांडलेली असतात. एक अर्धचंद्रासारखं, एक विळीच्या पात्यासारखं वाकलेलं, एक जीभ घासायच्या पट्टीचं थोरलं भावंड शोभेल असं. "मॅडम, कापणार नाही ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की हल्ली मी आधीच ते अर्धचंद्र समोरच्याच्या हातात देते आणि सांगते, "कडेवरून बोट फिरवा." धार नाही हे बोटाला कळलं, की माणूस टेबलावर आडवा व्हायला तयार होतो.

मी फिजिओथेरपिस्ट. घणसोलीत, स्टेशनकडून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. वडील वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी होते. संध्याकाळी ते पालथे झोपायचे आणि मी अंगठ्यांनी त्यांची पाठ दाबायचे. कुठे गाठ आहे, कुठे नुसता थकवा आहे, हे माझ्या अंगठ्यांना पुस्तकांच्या आधी कळायला लागलं. पुढे ते शिक्षणच घेतलं, आणि पन्नाशीच्या आसपास त्याच अंगठ्यांनी संप पुकारला. तेव्हा मी ही अवजारं शिकून घेतली. म्हणजे लोक समजतात तसं नवं तंत्र आलं म्हणून नव्हे, माझे अंगठे निवृत्त झाले म्हणून.

काम काय, ते सोप्या शब्दांत सांगते. आपल्या अंगात कातडी, तिच्याखालचे पडदे, त्याखाली स्नायू, असे थर असतात आणि ते एकमेकांवरून घसरत असतात. ब्लाउज आणि त्याचं अस्तर जसं आपापलं हलतं तसं. जखम झाली, टाके पडले, की कधीकधी अस्तरही त्याच टाक्यात सापडतं. वरून जखम भरलेली दिसते, पण हात उचलला की आत काहीतरी ओढतं. अशा जागी मलम लावून मी स्टीलची कड हलकेच फिरवते. पोळी लाटताना पिठातली गुठळी लाटण्याला कळते ना, तशी आतली चिकटलेली जागा त्या कडेला कळते. तिथे थोडं थांबायचं, थोडं काम करायचं, आणि लगेच तो भाग हलवून घ्यायचा. हलवणं महत्त्वाचं. नुसतं घासून कोणी बरं होत नाही. आणि व्रण "मोडतो" असं जे व्हिडिओत सांगतात ते विसरा. व्रण मोडत नाही. त्याची समजूत काढावी लागते.

हे व्हिडिओ माझा मोठा वैताग आहेत. ऐरोलीचा एक कॉम्प्युटरवाला माणूस मानेच्या जुन्या दुखण्यासाठी येत होता. चौथ्या खेपेला त्याची मान दोन्हीकडे छान वळली, आणि तो आरशात पाठ बघून नाराज झाला.

"मॅडम, निळं काहीच पडलं नाही. त्या व्हिडिओत तर पूर्ण पाठ काळीनिळी होते."

"तुमची मान वळते ना?"

"वळते. पण निळं नाही पडलं म्हणजे आतपर्यंत गेलंच नाही ना?"

मी त्याला म्हटलं, मार खाल्ल्याचा पुरावा हवा असेल तर पोलीस चौकी पुढच्या चौकात आहे. तो हसला, पण त्याचं समाधान झालं नाही. निळ्या डागांवरचा लोकांचा हा विश्वास मला एकदा फार जड जायचा होता. ती गोष्ट चांगुणाबाईंची.

चांगुणाबाईंना त्यांची सून रंजना घेऊन आली. वय सत्तरीच्या अलीकडेपलीकडे, काठपदराचं लुगडं, ताठ पाठ, आणि गळ्याशी आडवा, बोटभर लांबीचा व्रण. थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं. रंजनाने फाइल टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगितलं, "मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. गाठ साधी निघाली. पण आईंना गळ्यात कोणीतरी चिमटा लावल्यासारखं वाटतं. मान वर होत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. डॉक्टर बोलले हळूहळू होईल, पण आता आठ महिने झाले. आणि आमच्या प्रणालीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, त्याचं त्यांनी टेन्शन घेतलंय."

"तुजा सगला सांगून झाला?" चांगुणाबाई म्हणाल्या. "आता मी बोलू?"

रंजनाने खुर्ची जरा मागे घेतली.

"बाय, मी धवलारीन हाय. ह्या गावान माज्या धवल्याबिगर किती लग्ना लागली, तू हातावर मोज. आता माज्या नातीचा लगीन हाय आन् मना गाता येत नाय. आवाज हाय. आत हाय. पन वर येत नाय. कोनीतरी आतून धरून ठेवलाय."

आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. देवांना आवतण देण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि ते लिहिलेलं नसतं. ती पुढे गाते, बाकीच्या बायका मागून धरतात. चांगुणाबाईंनी हे त्यांच्या सासूकडून घेतलं होतं. ऑपरेशननंतरच्या हंगामात गावात दोन लग्नं रेकॉर्डिंग लावून झाली, आणि ती त्यांनी घरात बसून ऐकली होती.

मी त्यांना पाण्याचा घोट घ्यायला सांगितलं. घोट गिळताना गळ्याची घाटी, म्हणजे कंठमणी, वर जाते आणि कातडी जागच्या जागी राहते. त्यांच्या बाबतीत घाटीबरोबर व्रणही वर ओढला गेला आणि मधोमध खड्डा पडला. अस्तर टाक्यात सापडलं होतं. "छताकडे बघा," म्हटलं, तर त्यांनी कमरेतून वाकून बघितलं, कारण मान वर होतच नव्हती.

गळ्याचा पुढचा भाग ही स्टील फिरवायची जागा नव्हे. दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. मी त्यांच्या सर्जनना फोन केला. ते नीट बोलले. स्वरतंतू दुर्बिणीतून पाहिले होते, ते हलत होते. नेमकं व्रणावर, हलक्या हाताने काम करायला त्यांची हरकत नव्हती. "पण आवाजाची हमी देऊ नका," म्हणाले.

ते मी चांगुणाबाईंना तसंच सांगितलं.

"हमी कोन मांगतंय?" त्या म्हणाल्या. "तू तुजा काम कर. मी माजा करीन."

श्रावणात आम्ही सुरुवात केली. सगळ्यात लहान अवजार घेऊन मी व्रणाच्या रेषेवर, अर्ध्या बोटाच्या अंतरात, पीस फिरवावं इतक्या हलक्या दाबाने काम करायचे. मग अवजार खाली ठेवून बोटांनी कातडी वरखाली, डावीउजवीकडे सरकवायचे. मग त्यांनी हनुवटी वर करायची, गिळायचं, तोंड मिटून हुंकार द्यायचा. बघणाऱ्याला वाटेल काहीच चाललं नाही. चांगुणाबाईंनाही तेच वाटत होतं.

"इतकाच?" त्या दर खेपेला विचारायच्या.

"इतकंच."

"खाजनान चिखल काढाया गेलो आन् बोटान काढला, असा वाटतंय." खाजण म्हणजे खाडीकाठची चिखलाची जमीन.

पण फरक पडत होता. गणपतीच्या आधी त्यांची हनुवटी चांगली दोन बोटं वर जायला लागली होती. ठसका कमी झाला होता. मी खूश होते, आणि माझा अंदाज होता की त्याही असतील.

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा दिलीप आईला हाताला धरून दवाखान्यात शिरला. तो रबाळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, एरवी मोजकं बोलणारा. बाहेर दोन पेशंट बसले होते, त्यांच्यादेखतच त्याने आईच्या गळ्यावरचा पदर बाजूला केला.

"मॅडम, हे काय केलंय तुम्ही?"

गळा जबड्यापासून खालपर्यंत काळानिळा झाला होता. उजव्या बाजूला सूज होती.

"असं कोण करतं गळ्यावर? काही झालं असतं तर? मला रंजना आधीच बोलली होती, लोखंडाने घासतात म्हणून. माझीच चूक झाली, पाठवायला नको होतं."

मी त्यांना आत नेलं, बसवलं आणि गळा पाहिला. मी जिथे काम करायचे ती जागा बोटभर होती. हे डाग पार कानाखालपर्यंत गेले होते, आणि रुंद, सरळ पट्ट्यांसारखे होते.

"मावशी," मी म्हटलं, "कशानं घासलंत?"

चांगुणाबाईंनी पदर पुन्हा गळ्यावर ओढला.

"आय?" दिलीप म्हणाला.

"वरनाचे पलीनी," त्या पुटपुटल्या. वरण वाढायच्या पळीने. मग एकदम जोरात म्हणाल्या, "हिचा रोज थोरा थोरा. लगीन काय थांबनार हाय? मना वाटला, घरान थोरा जास्ती करतंय. रक्त आल्याबिगर गाठ सुटत नाय, असा शेजारची मोबाइलवर दाखवीत होती."

दिलीप खुर्चीत बसला. माझ्यावरचा राग त्याला आता कुठे ठेवावा कळेना. मी सर्जनना फोन लावला आणि त्याच पावली दोघांना तिकडे पाठवलं. नुसता मुका मार निघाला, आत काही इजा नव्हती. संध्याकाळी रंजनाचा फोन आला. काळजीचं काही नाही, म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "मॅडम, पण आता हे बंद करू म्हणतात हे. ह्या वयात गायलंच पाहिजे असं काही नाही. आम्ही रेकॉर्डिंग लावू."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. डाग उतरेपर्यंत तसंही काही करता येणार नव्हतं. पण दिवस जायला लागले तसं ते "बरं" मला टोचायला लागलं. पेशंट स्वतः कंटाळून सोडून जातात, त्याची सवय आहे. ही बाई कंटाळली नव्हती. उलट तिला धीर नव्हता, आणि तिच्या धीर नसण्याची शिक्षा म्हणून तिचा गळा आहे तसा सोडून द्यायचा, हे मला पटेना.

एका रविवारी मी गावात गेले. गावठाणातली घरं एकमेकांना इतकी खेटून की एका घरातल्या फोडणीने दुसऱ्या घरात शिंक यावी. चांगुणाबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. मला बघून त्यांनी मान खाली घातली. दिलीप आतून आला, मला खुर्ची दिली.

"तुमच्या आईला गाता येईल की नाही, मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तसं वचन दिलेलं नाही, देणारही नाही. पण माणसाला मान वर करून बघता यायला हवं. घोटभर पाणी न घाबरता पिता यायला हवं. ते होत होतं. ते अर्धवट सोडू नका."

"आणि परत काही केलं तर तिने?"

"घरी काहीच करायचं नाही. बोटसुद्धा लावायचं नाही."

"नाय लावनार," चांगुणाबाई सुकटीकडे बघत म्हणाल्या.

रंजना दारातून म्हणाली, "पळी मी माळ्यावर टाकलीय, मॅडम. वरण वाटीने वाढते हल्ली."

दिलीपला हसू आलं, ते त्याने दाबलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण मी सोबत येणार. दर वेळी. समोर बसणार."

आणि तो खरंच आला. पहिली पाळी संपवून, कारखान्याच्या कपड्यांवरच. टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून माझ्या हाताकडे टक लावून बघायचा, मशीनवर नवा ऑपरेटर आला की बघत असेल तसा. पहिले काही दिवस मी फक्त बोटं वापरली. मग एक दिवस विचारलं, "आता ते छोटं अवजार घेऊ?" त्याने ते आधी माझ्याकडून मागून घेतलं, स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "घ्या."

नवरात्र संपता संपता ते घडलं, जे माझ्या या सगळ्या नोकरीधंद्यात मला सर्वांत जास्त आवडलेलं आहे. मी अवजार व्रणावर नुसतं टेकवून ठेवलं होतं, दाब न देता, आणि म्हटलं, "मावशी, हुंकार द्या." त्यांनी दिला. स्टील माझ्या बोटांत थरथरलं. इतके दिवस ती जागा मुकी होती. गळ्यात आवाज घुमायचा, पण व्रणाशी येऊन दगडावर आपटल्यासारखा थांबायचा. आज तो कातडीपर्यंत आला होता.

"दिलीप, इथे बोट ठेवा."

तो कचरला. शेवटी त्याने तर्जनी आईच्या गळ्याला लावली.

"मावशी, परत."

हुंकार आला. दिलीपने बोट काढलं नाही. "आय, अजून एकदा कर," तो म्हणाला.

इथे ही गोष्ट संपली असती तर सुखाची झाली असती. पण त्यानंतर चांगुणाबाई खरंच गायला लागल्या आणि आम्हाला दुसरीच गोष्ट कळली. खालचे सूर येत होते, भरदार. वर चढायला गेल्या की मात्र आवाज एका ठरावीक जागी फाटायचा. व्रण आता मोकळा होता, मान वर होत होती, तरी. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. उंच सूर लावणारी एक बारीक नस ऑपरेशनच्या जागेच्या अगदी जवळून जाते. गाठ काढताना ती ताणली जाऊ शकते, आणि त्यात कोणाची चूक असतेच असं नाही. बहुधा तेच झालं होतं. हळूहळू थोडं परत येईलही, पण लग्नाच्या आत नाही. माझ्या ट्रेमधलं कोणतंच अवजार तिथे पोचत नाही.

हे सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांचा उंच आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. गावात लोक सांगायचे, चांगुणाबाईंनी हळदीचं धरलं की पलीकडच्या आळीला कळायचं. तो ऐकायचा राहिला याची हळहळ मला आजही आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. हातातल्या बांगड्या मागेपुढे केल्या.

"म्हनजे खालचा येल, वरचा नाय."

"हो."

"बायका माज्या वरच्या आवाजाला लागल्यात. त्या मांगून कशा धरतील?"

"ते मला नाही सांगता येणार, मावशी."

"तुना कसा सांगता येल," त्या उठत म्हणाल्या. "त्या माज्या बायका हायत."

हळदीच्या दिवशी मी सकाळीच गेले. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव, वर फ्लॅटवाल्या इमारतींच्या खिडक्यांतून डोकावणारी माणसं. मांडवाच्या कोपऱ्यात कपाटाएवढे दोन स्पीकर. प्रणाली पाटावर बसलेली. तिच्यासमोर चटईवर चांगुणाबाई, मागे सात-आठ म्हाताऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. मी रंजनाशेजारी उभी राहिले.

चांगुणाबाईंनी सुरुवात केली. खालच्या, रुंद आवाजात पहिली ओळ म्हटली. मागच्या बायकांनी जन्माच्या सवयीने ती उचलली ती थेट त्यांच्या जुन्या पट्टीत. दोन आवाज एकमेकांवर आदळले. चांगुणाबाईंनी वर जायचा प्रयत्न केला, आणि आवाज फाटला. बायका गोंधळून एकेक करून थांबल्या. मांडवात भटारखान्यातला झारा ऐकू यायला लागला.

"असू दे गं काकी," कोणीतरी मागून म्हणालं, चांगल्या मनानेच. "दिलीप, तू लाव ते. मुहूर्त जाईल."

दिलीप स्पीकरपाशीच उभा होता. त्याने वायर उचलली. प्लगपर्यंत हात नेला आणि आईकडे बघितलं.

चांगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तांब्यातलं पाणी प्यायल्या, हनुवटी वर केली, आणि मागे न वळता बायकांना म्हणाल्या, "कोनी धरू नका. आधी आयका."

त्या एकट्या गायला लागल्या. खालीच. देवांना आवतण देणारं ते लांबलचक गाणं त्यांनी शांतपणे, मांडीवर हात आपटत, पहिल्यापासून म्हटलं. आधी तो आवाज कानांना अनोळखी वाटला. पुरुषी वाटावा इतका खोल. मग हळूहळू त्याची सवय झाली. दुसऱ्यांदा त्याच ओळींवर आल्या तेव्हा पाटावरून एक बारीक आवाज आला. प्रणाली. तोंडाला हळद अजून लागायची होती, डोळे मिटलेले, आजीच्या पट्टीत, चाचपडत. तिच्यामागून एका म्हातारीने धरलं, मग दुसरीने. एक-दोघी चुकल्या, थांबल्या, पुन्हा खाली उतरून आल्या. चांगुणाबाई प्रत्येक ओळीच्या शेवटाला किंचित थांबत होत्या, मागे राहिलेली पोचेपर्यंत.

मी दिलीपकडे बघितलं. तो वायर कोपरात गुंडाळत होता, सावकाश. गुंडाळून झाल्यावर ती स्पीकरच्या मागे टाकली, चपला काढल्या आणि म्हाताऱ्यांच्या मागे चटईवर मांडी घालून बसला.